दसऱ्यापासून सुरतेची गाडी

जिजी,

स्टेशनावर पाटी लागली आहे. दसऱ्यापासून सुरतेची गाडी पुन्हा रोज धावणार. काल शाळा सुटल्यावर मी तिकडून येत होतो तर पाटीपुढे ही गर्दी. कापसाचे दलाल होते, मिरचीवाले होते, आणि ज्यांचं सुरतेत काडीचंही काम नाही असेही पुष्कळ होते. एकानं माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, मास्तर, आता तुमची बहीण येईल. त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. मी हसून पुढे झालो. घरी आल्यावर न्हाणीत शिरलो, डोक्यावर तांब्याने पाणी ओतत राहिलो आणि रडलो. आमच्या घरात रडायला तेवढीच जागा उरली आहे, कारण माय दिवसभर ओट्यावर असते.

मायला मी अजून सांगितलेलं नाही. वैशाखात, अक्षय्य तृतीयेच्या म्हणजे आपल्या आखाजीच्या आदल्या दिवशी तू गेलीस. आता पोळाही होऊन गेला. माय अजून धरून चालली आहे की तू सुरतेला धडधाकट आहेस आणि गाडी नाही म्हणून माहेरी येत नाहीस. हे लोढणं तूच माझ्या गळ्यात बांधून गेलीस. गाडी बंद होती तोवर माझ्यापाशी निदान एक उत्तर होतं. दसऱ्यापासून तेही राहणार नाही. लढाई संपली म्हणून लोक पेढे वाटताहेत आणि मी एकटा असा आहे, की ही गाडी आणखी वर्षभर बंद राहावी म्हणून देवाला हात जोडतो आहे.

कुणापुढे बोलू? तुझ्यापुढेच बोलतो. आयुष्यभर भांडलो ते तुझ्याशीच.

तुला सुरतेला दिलं ते मुळी गाडीच्या भरवशावर. नंदुरबारला राहायला येण्याआधीच्या आपल्या प्रकाशा गावात तोवर मुलगी द्यायचा हिशेब बैलांवर चालायचा. पहाटे गाडी जुंपून निघालेला बाप दिवेलागणीला लेकीच्या दारात पोचला पाहिजे, त्यापलीकडचं स्थळ आलं तरी पाहुण्यांना गूळपाणी देऊन परत पाठवायचं. शहादं, तळोदं, तापी उतरून फार तर नंदुरबार. मग रूळ आले. तू मायच्या पोटात होतीस तेव्हा नंदुरबारकडे मातीकाम चाललं होतं आणि संवत छप्पनच्या दुष्काळातली माणसं तिथे टोपल्या वाहत होती. आबा मुद्दाम जाऊन पाहून आले होते. पुढे तू मोठी झालीस आणि सुरतेचं स्थळ आलं. माणसं आपल्याकडचीच, कापसाच्या धंद्यापायी तिकडे जाऊन राहिलेली. आबांनी होकार दिला तेव्हा मायनं दोन दिवस चूल पेटवली नाही. गाडी बंद पडली तर माझी पोर येईल कशी, हा तिचा एकच प्रश्न. आबा हसले होते. त्यांचं ते बोलणं माय अजून बोलून दाखवते.

"अवं, लोखंडना रस्ता शे तो. तो कोठे पळी जाई?"

रस्ता कुठे पळून गेला नाही, जिजी. आबा तेवढ्यापुरते बरोबर होते. पण त्या रस्त्यावरची गाडी कुणी एका सहीनं काढून घेऊ शकतो, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नाही. त्यांच्याच काय, कुणाच्याच आलं नाही. तुझ्या पाठोपाठ भावकीतल्या किती मुली व्याऱ्याला, बारडोलीला, सुरतेला गेल्या. सगळ्यांच्या बापांनी तापीला पाणी आहे तशी रुळांवर गाडी आहे असं धरून चालून पोरी दिल्या. एवढी शहाणी, सात पिढ्या शेती केलेली माणसं, पावसावर कधी विसंबली नाहीत आणि गाडीवर विसंबली.

आणि ती गाडी होतीही विसंबण्यासारखी, हे मी नाकारत नाही. सुरतेहून निघून नवापूर, नंदुरबार करत थेट अमळनेरपर्यंत जाणारी ती पॅसेंजर. दर ठेसनाला थांबायची, आणि मधे कुणी धावत येताना दिसला तर गार्ड हिरवं निशाण खाली धरून उभा राहायचा. आखाजीच्या आधी आठ दिवस तर ती बायकांचीच गाडी व्हायची. प्रत्येक लेकीबरोबर तिला आणायला गेलेला भाऊ, म्हणजे मुऱ्हाळी. मुऱ्हाळी बिचारे दुसऱ्या डब्यात ट्रंका सांभाळत बसलेले आणि लेकी बायकांच्या डब्यात एकमेकींच्या सासवांची उणीदुणी काढत. इंजिन नवापूरला पाणी घ्यायचं, तेव्हा तुम्ही सगळ्या तांबे घेऊन खाली उतरायच्या. नवापूर सुटलं की डब्यात आखाजीची गाणी सुरू. पुढे खांडबाऱ्यापर्यंत जंगल, आणि त्या जंगलातून तुमचा तो गलका. मी मेल्यासारखं तोंड करून बसायचो, पण मला ते आवडायचं. परत जाताना तू मिरच्यांचं पोतं घ्यायचीस आणि सगळा डबा सुरतेपर्यंत शिंकत जायचा. एकदा एका तिकीट तपासणाऱ्याला इतक्या शिंका आल्या, की तो तिकिटं न बघताच पुढच्या ठेसनाला उतरून गेला.

आपलं भांडण तेव्हापासूनचं. मी म्हणायचो, जिजी, गाडी तुझ्या दारातून निघते आणि माझ्या गावात थांबते. दाजींनी तिकडे बसवून द्यावं, मी इकडे उतरवून घेतो. दिवसभर धक्के खात मी तिकडे यायचं आणि लगेच दुसऱ्या दिवशी तेच धक्के खात परत यायचं, हा कुठला न्याय? तू ऐकून घ्यायचीस, माझ्या ताटात आणखी एक पुरी टाकायचीस आणि म्हणायचीस,

"गाडी काय मन्हा भाऊ शे? ती उनी तं उनी, नही उनी तं नही. भाऊ येसच."

गाडी येवो न येवो, भाऊ येतोच, आणि तो मुऱ्हाळी आल्याशिवाय लेकीनं माहेरची वाट धरायची नाही. बिनबोलावता, बिनाआणता जाणारी लेक म्हणजे घर टाकून आलेली, असं लोक म्हणतात, हे तुझं म्हणणं. मी शाळामास्तर, मला ते खुळचट वाटायचं. तसं मी तुला तोंडावर सांगितलंही होतं. त्यावर तू चार महिने रुसली होतीस आणि आखाजीला मी दारात दिसल्यावर एका क्षणात विसरलीस.

तुझे उपकार काढायला बसलो तर हा कागद पुरणार नाही. एकच सांगतो. मॅट्रिकला मी पहिल्यांदा नापास झालो तेव्हा आबांच्या भीतीनं थेट तुझ्याकडे पळून आलो होतो. तू आबांना कळवलंस की नानाला ताप आहे, उतरला की पाठवते. तो ताप महिनाभर उतरला नाही. तू मला खाऊ घातलंस, दाजींच्या शेजारच्या एका मास्तरांकडे गणित शिकायला पाठवलंस आणि शेवटी कान धरून गाडीत बसवून दिलंस. आज मी मास्तर आहे तो त्या तापामुळे. खोटं बोलावं तर तुझ्यासारखं, कुणाचं तरी भलं करून मोकळं व्हावं. माझं खोटं बघ कसं कुजत चाललं आहे.

मग ही लढाई आली. दोनातली एक गाडी कमी झाली तेव्हा आम्ही कुरकुरलो आणि दुसरीत दाटीवाटीनं बसलो. मग डबे कमी झाले. म्हणाले, लष्कराला हवेत. मग डब्यातले दिवे गेले, लहान ठेसनांवरचं थांबणं गेलं, रोजची गाडी दिवसाआड झाली, आणि मग कधी येईल ते स्टेशन मास्तरलाही सांगता येईना. मालगाड्यांना मात्र खंड नव्हता. गवत, धान्य, लाकूड, ताडपत्रीखाली झाकलेलं न जाणे काय काय, धडधडत निघून जायचं आणि आपली पॅसेंजर कुठल्या तरी बाजूच्या रुळावर उन्हात तापत उभी. भिंतीवर पाटी होती की विनाकारण प्रवास करू नका. त्या पाटीपुढे उभा राहून मी किती चरफडलो असेन. आखाजीला बहिणीला आणणं हे कारण की विनाकारण, हे ठरवणारा कोण तो?

दोन आखाज्या तुझ्याविना गेल्या. मी दोन्ही वेळा स्टेशनावर जाऊन तिकीट न मिळता परत आलो. करीमचाचा, तोच आपला टांगेवाला, लग्नानंतर तुला पहिल्यांदा माहेरी आणणारा, तो दोन्ही वेळा घोडा जुंपून बाहेर थांबलेला असायचा. मला एकट्यालाच परत बसवून न्यायचा आणि भाडं म्हटलं की हात झटकायचा. म्हणायचा, बेटी उतरेल तेव्हा देशील.

यंदा तुझी तब्येत बरी नाही असं दाजींनी कळवलं होतं. पायांवर सूज येते, चालताना दम लागतो. मी उलट टपाली कळवलं, की गाडीचा नेम नाही, यंदा तू अजिबात निघू नकोस, तिकीट मिळालं की मीच येतो. आणि मग तुझा निरोप आला की तू निघते आहेस. एकटी. दाजींना जिनिंगमधून सुट्टी नाही, ते बायकांच्या डब्यात बसवून देत आहेत.

मला आधी आनंद झाला, जिजी. इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकलो असं वाटलं. असा मी मूर्ख.

त्या दिवशी मी नंदुरबार स्टेशनावर वाट पाहत बसलो होतो. दुपारी स्टेशन मास्तरनं तार ऐकून सांगितलं, की सुरतेची पॅसेंजर नवापूरला पोचली आहे, पण पुढे येणार नाही. तिचं इंजिन काढून एका मालगाडीला लावलं. माणसांचं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, दुसरं इंजिन मिळेल तेव्हा. तो तरी काय करणार, त्याचीही माणसं सोनगडला अडकली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मालगाडी तिकडे निघाली. गार्डाच्या पायाशी बसू का विचारलं तर तो आधी नको म्हणाला, मग माझ्या तोंडाकडे पाहून सरकला.

तू फलाटाच्या टोकाला निंबाखाली निजलेली होतीस. डबे तापले होते म्हणून सगळ्यांना खाली उतरवलं होतं. एक माळकरीण म्हातारी आणि एक नवापूरकडची मावची आदिवासी बाई, अशा दोघी तुझ्यापाशी होत्या. मावची बाईनं आपलं ओलं फडकं तुझ्या कपाळावर ठेवलं होतं. तिची बोली मला कळत नव्हती आणि माझी तिला, पण तिनं हातानं दाखवलं की तू पाणीही घेत नाहीस. गावातल्या डॉक्टरांना मी धावत जाऊन आणलं. त्यांनी नाडी पाहिली, सुई दिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की हृदय थकलंय, गाडीच्या धक्क्यांची यांच्यात ताकद नव्हतीच. सुरतेला दाजींना तार केली.

तू डोळे उघडलेस. मला ओळखलंस. तुझ्या तोंडावर ती जुनी खोडी पुन्हा आली.

"नाना, यंदा मन्ही मुऱ्हाळी मीच."

मी विचारलं, असं का केलंस. मला थांबायला सांगितलं असतंस, मी पायी आलो असतो. तू म्हणालीस, पुढच्या आखाजीला मी नसेन असं वाटलं, आणि मायला एकदा पाहायचं होतं. मी तुला सांगत होतो की इंजिन येतंय, दुपारपर्यंत येईल, उद्या आखाजीला आपण घरी असू. तू माझा हात धरलास.

"मायले आते सांगू नको. आखाजी व्हई जाऊ दे, मंग सांगजो."

तेवढंच. मग ऊन कलायच्या आत तू गेलीस.

दाजी दिवस मावळायला आले. सुरतेकडून इकडे येणाऱ्या मालगाडीवर त्यांनाही कुणीतरी बसू दिलं होतं. सवाष्ण लेक गेली की शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. माझ्यापाशी काय होतं? नवापूरच्या बाजारात एक दुकान उघडं होतं, तिथून हिरवं लुगडं आणलं. सूत जाडंभरडं, तुला आवडलं नसतं. रंगावली नदीच्या काठी दाजींनी अग्नी दिला. सुरतेला नाही, नंदुरबारला नाही, मधेच कुठेतरी. तुझं सासरही नाही आणि माहेरही नाही अशा ठिकाणी तू संपलीस आणि मला अजून हे पटत नाही. रोज सकाळी उठल्यावर ते मला नव्यानं कळतं.

दुसऱ्या दिवशी नंदुरबारची गाडी सुटली. इंजिन मिळालं होतं. बायकांच्या डब्यात लेकी होत्या, पण कुणी गायलं नाही. तू कोण हे त्यातल्या काहींना ठाऊक होतं.

घरी पोचलो तेव्हा माय वारलेल्या आबांच्या नावानं आखाजीची घागर भरत होती. मोतीबिंदूनं तिला माणूस दिसत नाही, नुसती सावली दिसते. तिनं माझ्या मागे दुसरी सावली आहे का ते पाहिलं. विचारलं, पोर कुठे आहे. मी म्हणालो,

"गाडीच उनी नही, माय."

"मंग तठे वाट देखी ऱ्हायनी व्हई ती," ती म्हणाली आणि घागरीवर डांगराचं फळ ठेवू लागली.

आखाजी झाली की सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. ती सकाळी तुझ्यासाठी ठेवलेल्या सांजोऱ्यांचा डबा झाकत होती. तिसऱ्या दिवशी तिला ताप आला. मग पाऊस आला आणि गाडी पुरतीच बंद झाली. मग काहीच कारण नव्हतं, तरी मी सांगितलं नाही. भेटायला येणाऱ्यांना मी आणि तुझी भावजय गल्लीच्या तोंडाशीच अडवतो. लोक तिथेच डोळे पुसतात आणि परत जातात. राखीला तिनं विचारलं, बरी आहे ना पोर? बरी आहे, मी म्हणालो. जिजी, तू बरी आहेस असं मी माझ्या तोंडानं म्हणालो. जीभ झडली नाही.

करीमचाचा रोज संध्याकाळी येतो. टांगा थांबवून ओट्यापाशी उभा राहतो आणि सांगतो, "माँजी, गाडी तो बंदच है." त्यानं हे कुणाच्या सांगण्यावरून केलेलं नाही. पहिल्या दिवशी त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि आपण होऊनच म्हणाला. सांगून झालं की तो घोड्याची मान खाजवत थोडा वेळ उभा राहतो, कारण लगेच निघालं तर तिला शंका येईल. काल पाटी लागल्यापासून तो आलेला नाही. त्याला आता काय म्हणायचं ते सुचत नसणार.

तुझ्यावर मी रागावलेलो आहे, हे तुला कळलं पाहिजे. तू आखाजी होऊ दे म्हणालीस, पण पुढे तोंड कसं उघडायचं ते सांगितलं नाहीस. तू सुटलीस. आणि तुझी माझी शेवटची गोष्ट अर्धीच राहिली आहे. मुऱ्हाळी लागतो की नाही, कोण बरोबर होतं? मी गाडीवर विसंबायला सांगत होतो, तू भावावर. तू एकदाच माझं ऐकलंस.

इथवर लिहून झालं आणि मायनं हाक मारली.

ओट्यावर गेलो तर तिनं आपलं गाठोडं बांधायला घेतलं होतं. दोन लुगडी, तुझ्यासाठी मिरच्या, कुरडया. पाटीची बातमी गल्लीतल्या पोरांनी ओरडत नेली होती, ती तिच्या कानावर गेली होती. मी म्हटलं, माय, हे काय. ती म्हणाली, तू दोन वर्षं स्टेशनावर हेलपाटे घालून थकलास. यंदा मीच जाते.

"माय मुऱ्हाळी गई तं काय वंगाळ शे? दिवाईले लई येस तिले."

तुझ्या लग्नापासून तिनं गाडीत पाय ठेवलेला नाही, हे तुला ठाऊक आहे. ज्या गाडीनं माझी पोर नेली तिच्यात मी बसणार नाही, म्हणाली होती, आणि एवढी वर्षं बसली नाही. तुझ्या घरी कुठल्या कार्यालाही आली नाही. त्या गाडीत ती आता बसायला निघाली आहे, तुला आणायला.

मी तिच्या शेजारी बसलो. आज सांगायचंच, असं ठरवून बसलो. तिनं गाठोड्याची गाठ दोनदा चाचपून पाहिली, मग माझा हात शोधून धरला, आणि लहान मुलीसारखं हळूच विचारलं,

"नाना, गाडीमा भेव वाटस का रे?"

नाही वाटत, माय, मी म्हणालो. खिडकीपाशी बसलं की नाही वाटत.